माझ्यासमोर बोलू नका

ताई दारातून आत आली आणि खोलीतली बोलणी नळ बंद करावा तशी थांबली. गेले अठरा दिवस हेच चाललं होतं. ती आली की सगळे गप्प, ती हात धुवायला गेली की कुजबुज, ती परत आली की हवापाण्याच्या गप्पा. कोर्टात भल्याभल्यांना उलटतपासणीत घाम फोडणाऱ्या बाईला स्वतःच्याच माहेरी परक्यासारखं बसावं लागत होतं, आणि दोष तरी कुणाला देणार? नियम तिनंच घातला होता. मशीनच्या प्रकरणाबद्दल माझ्यासमोर एक अक्षर बोलायचं नाही. या घरात आजवर अनेकांनी अनेक नियम घातले आणि एकही धड पाळला गेला नाही. हा एकच पाळायचं सगळ्यांनी मनावर घेतलं होतं, तेही असं, की पाळताना तिला दिसावं.

"बस," आत्या म्हणाली. "आज तुझा नियम बाजूला ठेव."

आत्याला घरात हायकोर्ट म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तिच्या निकालावर अपील नव्हतं आणि निकाल द्यायला तिला पुराव्याची गरजही भासत नसे. रविवार दुपारची जेवणं आटोपली होती, टेबलावर उष्टी ताटं तशीच होती. आई पाव कुस्करत बसली होती. धाकटा भाऊ खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा होता आणि त्याची बायको ताटं उचलायची सोडून आत्याकडे बघत होती. खाली बेकरी. एरवी रविवारीही भट्टीच्या उबेनं या खोलीची फरशी कोमट असायची. अठरा दिवसांपूर्वी पीठ मळायच्या मशीनमध्ये कामावरच्या बाईची दोन बोटं गेली, इन्स्पेक्टरनं मशीनला सील ठोकलं, आणि तेव्हापासून फरशी गार होती.

"उद्या अकराला याची तारीख आहे," आत्या म्हणाली. "निष्काळजीपणानं दुखापत. सहा महिने आत जाईल म्हणतात."

"आत्या, मी तुम्हाला..."

"मला माहीत आहे तू काय सांगितलंयस. आता मी सांगते. उद्या तू उभी राहायचं, पुढची तारीख मागायची. मग त्याच्या पुढची. साक्षीदार कंटाळतात, कागद गहाळ होतात. हे काय मी तुला शिकवायचं? तू सरकारी वकील आहेस."

"मी सरकारची वकील आहे, घरची नाही," ताई म्हणाली. "आणि कागद गहाळ झाले तर मी लोकांना कामावरून काढायला लावते."

"तेच म्हणतेय मी! एवढी तुझी चालते."

ताईनं डोळे मिटले. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण ज्यानं काढली त्याला आत्यासारखीच आत्या असणार, असं तिला अनेकदा वाटे.

"आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं," आत्यानं सुरुवात केली, आणि हे आता थांबणार नाही हे सगळ्यांनाच कळलं. "पाच वर्षं कायदा शिकलीस. मग सात वर्षं त्या म्हाताऱ्या वकिलाच्या हाताखाली फाइली उचलल्यास, कारण सात वर्षं कोर्टात काढल्याशिवाय यांच्या परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षेत एकदा नापास झालीस, तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं? मग ती तोंडी परीक्षा. मग पोलीस चौकशी! शेजारपाजारी जाऊन विचारलं त्यांनी, ही मुलगी चारित्र्यानं कशी आहे म्हणून. वरच्या मजल्यावरची ती भवानी म्हणाली, चारित्र्य चांगलं आहे पण ओले कपडे गच्चीवरून आमच्या खिडकीवर वाळत घालते. तिच्याकडे जाऊन तिचं तोंड कुणी गोड केलं? मी. एवढं सगळं घरानं सोसलं ते कशासाठी? घरावर पाळी आली तर हात वर करायला?"

"हो," ताई म्हणाली. "नेमकं त्याचसाठी. ती सगळी चाळणी कशासाठी असते असं वाटतं तुम्हाला? घरावर पाळी आली तर ही बाई हात वर करेल की नाही, एवढंच बघतात त्यात. कायदा काय, पुस्तकात असतोच."

धाकट्याच्या बायकोला हसू आलं. ते तिनं ताटाकडे बघत गिळलं.

"आणि दुसरं. ती फाइल माझ्याकडे नाही. अठरा दिवसांपूर्वीच मी लेखी दिलंय, आरोपी माझा सख्खा भाऊ आहे, मी हा खटला चालवणार नाही. माझ्या ज्युनिअरकडे गेली ती. त्याच दिवशी संध्याकाळी मी इथे येऊन तुम्हा सगळ्यांना सांगितलं."

"ते तू सांगितलंस," आत्या म्हणाली, "पण आम्हाला वाटलं ते कोर्टातलं बोलणं. म्हणजे बाहेर असं सांगायचं आणि आतून..."

"आतून काय?"

आत्यानं आईकडे पाहिलं, आईनं पावाकडे.

"मी का सोडली फाइल हे तरी माहीत आहे का? भाऊ म्हणून सोडणारच होते. पण फाइल उघडली तर पंचनाम्याला माझंच कार्ड टाचलेलं. माझं नाव, माझा हुद्दा, माझा फोन. इन्स्पेक्टरनं खाली लिहिलंय, 'आरोपीच्या नातेवाईक महिलेने घटनास्थळी सदर कार्ड दाखवून दबाव आणण्याचा प्रयत्न केला.' आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, ही नातेवाईक महिला कोण?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं स्वेटरचं बटण लावलं.

"मी दबाव कुठे आणला? मी म्हटलं, आमच्याच घरची आहे हो, जरा सांभाळून घ्या. यात काय चुकलं? जिथं तिथं दाखवते मी ते कार्ड. दवाखान्यातही दाखवते."

"दवाखान्यात?"

"लवकर नंबर लागतो."

ताईनं कपाळावर हात मारला. रागावून उपयोग नव्हता, कारण आत्या मनापासून बोलत होती. तिच्या दृष्टीनं भाचीचा हुद्दा ही घरातली मोठी छत्री होती, पाऊस आला की जो तो खाली येणार. छत्री म्हणते मी उघडणार नाही, मी सगळ्या गावासाठी आहे. अशा छत्रीचं माणसानं करायचं काय?

"वकील घेतला का?" ताईनं भावाला विचारलं.

"घरात वकील असताना बाहेरचा कशाला?" उत्तर आत्याचंच होतं.

"मी त्याला विचारलं."

धाकटा खिडकीबाहेर बघत होता. "बघू," तो म्हणाला.

"उद्या तारीख आहे आणि बघू!" ताई उठली. "हे बघा, तुम्हाला बोलायचंय ते आपसात बोला. मी गच्चीवर जाते. अर्ध्या तासानं येईन, तेव्हा विषय संपलेला पाहिजे. आणि आई, तो पाव खा तरी, नाहीतर सोड त्याला."

---

ती गेल्यावर धाकट्याच्या बायकोनं ताटं गोळा केली आणि बेसिनशी उभी राहिली. नणंद तिला लग्न झालं तेव्हापासून धाकात ठेवणारी वाटायची. भाजी चिरतानाही समोरच्याचा जबाब घेतल्यासारखं विचारणार. पण गेल्या अठरा दिवसांत या घरात सरळ बोलणारी ती एकटीच होती, आणि धाकट्याची बायको मनातल्या मनात कधी तिच्या बाजूला जाऊन बसली ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

ती रोज दवाखान्यात जात होती. मशीनवरची बाई पलंगावर बसून डाव्या हातानं चमचा धरायला शिकत होती. पहिल्या दिवशी तिनं एकच विचारलं होतं, "माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली का?" तक्रार तिनं केलीच नव्हती, दवाखान्यानं कळवल्यावर पोलीस आपणहून आले होते.

"आता नीट ऐक," आत्या धाकट्याला सांगत होती. "उद्या तू काय म्हणायचं? मशीनला जाळीचं झाकण आहे. झाकण उचललं की मशीन आपोआप बंद पडतं, कंपनीनंच तशी सोय केलीय. बरोबर? त्या दिवशी झाकण उघडं असून मशीन चालू राहिलं, कारण स्विचला कुणीतरी तार बांधून ठेवली होती. कुणी बांधली?"

धाकटा खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"त्या बाईनं बांधली. काम लवकर व्हावं म्हणून. तुला माहीतच नव्हतं. बस्स, एवढंच म्हणायचं."

बेसिनमध्ये ताट आपटलं. "तिनं बांधली?" धाकट्याची बायको वळून म्हणाली. "तिनं? ती येऊन दोन महिने झाले होते! तिला मशीन सुरू करायला सुद्धा विचारावं लागायचं."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी तिला रोज भेटते, आत्या. उद्या तिच्यासमोर काय तोंड घेऊन जाऊ?" ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही म्हणणार हे? खरंच म्हणणार?"

"नाइलाज आहे," धाकटा म्हणाला.

"कसला नाइलाज? तुम्ही बांधली असेल तर तसं सांगा. माणसाच्या हातून चूक होते."

"मी नाही बांधली."

"मग कुणी?"

त्यानं बायकोकडे पाहिलं नाही, आत्याकडेही नाही. टेबलाकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली. एवढ्यानं त्याचं काम झालं. अठरा दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि एका नजरेत सगळं सांडलं.

---

आईनं पाव ताटात ठेवला.

तिला वाटत होतं की खटला मशीनवर आहे. मुलानं तसंच सांगितलं होतं, 'मशीन जुनं होतं आई, दंड होईल, आपण नवं आणू.' तिनं त्याला विचारलंही होतं, त्या तारेमुळे तर नाही ना झालं? तो म्हणाला, छे, तारेचा काय संबंध. आणि तिनं विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. आता ते स्वतःशी कबूल करताना तिला स्वतःचाच संताप आला.

तीस वर्षं ती पहाटे तीनला त्या मशीनपाशी उभी राहिली होती. जुन्या मशीनला झाकणच नव्हतं. मूठभर पीठ, शिंतोडाभर पाणी, कणीक कशी वळते ते बघत बघत टाकायचं, मशीन चालू असताना. हाताला कळतं. नव्या मशीनला हे झाकण आलं, आणि उचललं रे उचललं की मशीन बंद. दर वेळी थांब, पुन्हा सुरू कर, तोवर कणीक बसलेली. महिनाभर तिनं सहन केलं. मग एका सकाळी पावाच्या पाकिटाचं तोंड बांधायची ती बारीक तार घेतली, दोन पीळ दिले आणि स्विच कायमचा दाबून ठेवला. किती सोपं होतं! कुणालाही सुचलं नसतं म्हणून स्वतःवर खूशही झाली होती. पण तिच्या हाताला जे तीस वर्षांनी कळत होतं ते दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीच्या हाताला कसं कळावं? हा विचार तेव्हा आला नाही. तेव्हा पावांची घाई होती.

ती उठली.

"कुठे निघालीस?" आत्यानं विचारलं.

"वर."

"गच्चीवर? तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याजवळ आहेत."

दोन वर्षांत ती गच्चीचा जिना चढली नव्हती. कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणत ती चढू लागली. धाकटा मागे धावला.

"आई, ऐक. तिला नको सांगूस. दुसऱ्या कुणालाही सांग, तिला नको. तिनं ऐकलं की संपलं."

"तू मला खोटं का सांगितलंस?"

"तुला सत्तराव्या वर्षी कोर्टात उभी करू?"

"आणि त्या पोरीला केलं तर चालतं?"

धाकटा जिन्यात थांबला. त्याला खरं तर आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती तार त्यालाही दिसली होती, अपघाताच्या आठवडाभर आधी. ही आईची करामत हे त्यानं ओळखलं, हसला, आणि उद्या काढू म्हणाला. मग ऑर्डर वाढल्या. रोज उद्या काढू म्हणत होता. म्हणजे आईला वाचवतोय असं जगाला आणि स्वतःला सांगत तो वाचवत होता कुणाला, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. रात्र रात्र झोप लागत नव्हती ती त्यापायी.

---

ताई गच्चीच्या कठड्याशी उभी होती. जिन्यावर आईचा श्वास ऐकू आला तेव्हा तिला आधी भीती वाटली ती गुडघ्यांची.

"आई! वर कशाला आलीस? हाक मारायचीस."

"जाळीच्या स्विचला तार..."

"थांब." ताईचा आवाज एकदम बदलला. "थांब, आई. माझ्यासमोर नको."

"तार मी..."

ताईनं कानांवर हात ठेवले. पंचेचाळीस वर्षांची, कोर्टात जिच्या आवाजानं पट्टेवाले सावरून उभे राहतात अशी बाई, लहान पोरीसारखे दोन्ही कान दाबून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी ऐकत नाहीये! मला काहीही ऐकू येत नाहीये!"

आई पुढे आली. तिनं मुलीचे हात मनगटाला धरून खाली ओढले. कणकेत घडलेले हात होते ते, ताईची काय बिशाद.

"तार मी बांधली," आई म्हणाली. "त्या पोरीनं नाही. तुझ्या भावानं नाही. मी."

जिन्याच्या दारात आता तिघंही येऊन पोचली होती. आत्याला धाप लागली होती, तरी पहिली तीच बोलली. "तू ऐकलं नाहीस. काही ऐकलं नाहीस, कळलं ना? इथे बाहेरचं कोण आहे?"

"आत्या, प्लीज."

"घरातलं घरात राहील. कुणाला कळणार?"

"मला कळलंय!" ताई ओरडली. "मला कळलंय ना आता! अठरा दिवस मी कान बंद करून फिरतेय. जेवताना उठून जाते, फोन अर्ध्यात ठेवते, का? मला काय हौस आहे? तुम्ही जे मला सांगाल ते मला लपवता येत नाही, एवढी साधी गोष्ट! जगात कुणालाही सांगा म्हटलं, वकिलाला सांगा, त्याला ते पोटात ठेवता येतं. मला नाही येत. आणि तुम्ही काय करता? जिना चढून येऊन नेमकं मलाच सांगता!"

"तुझ्यासमोर नाही बोलायचं तर कुणासमोर?" आई म्हणाली. "दुसऱ्याला सांगितलं असतं तर यांनी मला गप्प बसवलं असतं."

ताईच्या वीस वर्षांच्या कामात इतका नेमका साक्षीदार तिला क्वचितच मिळाला होता. तिला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"मलाही दिसली होती ती तार," धाकटा मागून म्हणाला. "आठवडाभर आधी. मी काढली नाही."

"घ्या," आत्या म्हणाली आणि पायरीवर बसली. "आपलेच दात, आपलेच ओठ." तिच्या हायकोर्टात यापुढचा निकाल सापडत नव्हता.

ताईनं डोळे पुसले आणि फोन काढला. आधी तिनं भावाला एक नंबर दिला. "चौकातल्या छापखान्यावर ऑफिस आहे त्यांचं. माझ्याविरुद्ध उभे राहतात. तीन खटल्यांत मला धूळ चारलीय, म्हणजे चांगले आहेत. दोघांसाठी त्यांच्याशी आत्ता बोल. ते येईपर्यंत कुणीही चौकीत तोंड उघडायचं नाही."

मग ती कठड्याकडे वळली आणि इन्स्पेक्टरला फोन लावला.

"मी बोलतेय... नाही, त्या फाइलमध्ये मी लक्ष घालत नाहीये. तुम्हाला जबाब घ्यावा लागेल म्हणून फोन केला. स्विचला तार कुणी बांधली ते सांगणारी बाई आहे... हो, स्वतःबद्दलच सांगतेय... माझी आई." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो. माझ्यासमोर बोलली. म्हणजे जबाब माझाही घ्यावा लागेल. मी सकाळी येते. त्या त्यांच्या वकिलांबरोबर आजच येतील. आणि माझ्या ज्युनिअरला तुम्हीच कळवा, मी कळवणं बरं दिसणार नाही."

फोन ठेवल्यावर आईनं शांतपणे केस सारखे केले.

"चल मग," ती ताईला म्हणाली.

"मला येता येत नाही, आई. तू बोलत असताना मी तिथे असून चालत नाही."

"दारापर्यंत?"

"दारापर्यंतही नाही."

"बरं. मग तिथे काय बोलायचं ते तरी सांग. मी कधी गेले नाहीये अशा ठिकाणी. आधी काय सांगायचं, किती सांगायचं?"

आजवर शेकडो साक्षीदारांना ताईनं धीर दिला होता. घाबरलेल्या म्हाताऱ्यांना, तोतऱ्या पोरांना, नवऱ्याच्या भीतीनं दातखीळ बसलेल्या बायकांना. पाणी द्यायची, जवळ बसायची, सांगायची, जेवढं विचारतील तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. ते सगळं आत्ता तिच्या जिभेवर होतं.

"ते वकील सांगतील," ती म्हणाली.

"तू सांग ना."

"मला नाही सांगता येत, आई."

"मग तुझा उपयोग काय गं?" आईनं विचारलं. रागानं नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं.

धाकट्याच्या बायकोनं सासूच्या दंडाला धरलं, धाकटा दोन पायऱ्या पुढे उतरून उभा राहिला, आणि तिघं हळूहळू जिना उतरू लागली. ताई वरच थांबली. तिनं कायदा आठवून पाहिला, वीस वर्षांचा सगळा, कलमामागून कलम. मग कठडा धरून खाली वाकली.

"अगं," तिनं भावाच्या बायकोला हाक मारली. "गेल्यागेल्या तिच्यासाठी खुर्ची मागून घे. उभं ठेवतात ते."